गाळणी नवी, मग गोळ्या कशाला?

उत्सर्जन संस्थेचा पाठ शिकवायला मला कधी फारसा वेळ लागला नाही. फळ्यावर घेवड्याच्या बीसारखी दोन मूत्रपिंडे काढायची, त्यांना नळ्या जोडायच्या, खाली मूत्राशय दाखवायचे आणि सांगायचे, "मूत्रपिंड म्हणजे आपल्या शरीरातली गाळणी. ती बिघडली की यंत्राने रक्त गाळतात, त्याला डायलिसिस म्हणतात. अगदीच निकामी झाली तर दुसऱ्याचे मूत्रपिंड आणून बसवतात." दोन तासिकांत विषय संपतो. आकृती सोपी असल्यामुळे मुलांना गुणही चांगले मिळतात.

बेंबळीत हाच पाठ चालू असताना एका मुलीने विचारले, "सर, गाळणी नवी बसवल्यावर गोळ्या कशाला घ्यायच्या?" मी म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितल्या आहेत म्हणून." वर्ग हसला आणि आम्ही पुढे गेलो. तिच्या वडिलांचे प्रत्यारोपण झालेले आहे, हे मला ठाऊक नव्हते. घरात हाच वाद चालू होता. पावसाने दगा दिलेले वर्ष, हाती पीक नाही आणि दरमहा गोळ्यांचा खर्च. वडिलांनी गोळ्या आधी दिवसाआड केल्या, नंतर बंद केल्या. तब्येत ठीक वाटत होती, लघवीही होत होती. काही महिन्यांनी नवे मूत्रपिंड निकामी झाले. आता ते पुन्हा डायलिसिससाठी धाराशिवच्या वाऱ्या करतात. ते मूत्रपिंड त्यांच्या आईचे होते.

मी नीट उत्तर दिले असते तर ते मूत्रपिंड वाचले असते, असे म्हणणे फुशारकीचे होईल. पण माझ्या उपमेने एका चुकीच्या समजुतीला आधार दिला, एवढे मात्र खरे. मूत्रपिंडाबद्दल आपण वर्गात जी वाक्ये सहज बोलतो आणि वर्तमानपत्रांत वाचतो, त्यांतली तीन वाक्ये या लेखात तपासून पाहू.

पहिले वाक्य : मूत्रपिंड म्हणजे गाळणी

चहाची गाळणी काय करते? नको असलेला चोथा अडवते आणि हवा असलेला चहा खाली सोडते. मूत्रपिंडाची रीत याच्या जवळजवळ उलट आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचे गुंतवळ असते. तेथे रक्तपेशी आणि मोठी प्रथिने अडतात. बाकी पाणी, क्षार, साखर, युरिया असे सगळे एकत्रच खाली उतरते. हे उतरलेले पाणी दिवसाला किती होते? मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे २४ तासांत १८० लिटर. आपण लघवी करतो दीड-दोन लिटर. उरलेले ९९ टक्के पाणी आणि त्यातले उपयोगी पदार्थ नेफ्रॉनची लांब नलिका परत उचलून घेते.

दिवाळीच्या साफसफाईत आपण घरातले सगळे सामान अंगणात काढतो, मग हवे ते एकेक उचलून आत नेतो आणि नको ते बाहेरच ठेवतो. मूत्रपिंड ही साफसफाई दिवसाचे चोवीस तास करते. आत किती न्यायचे, हेही ते परिस्थिती पाहून ठरवते. उन्हाळ्यात पाणी राखते, खारट जेवण झाले की जादा मीठ बाहेर टाकते, रक्ताची आम्लता सांभाळते. चाळणीचे काम सोपे आहे. अवघड आहे ते परत उचलण्याचे काम, आणि नेमके तेच गाळणीच्या उपमेत नाही.

शिवाय मूत्रपिंड काही पदार्थ तयारही करते. एरिथ्रोपोएटिन हे त्याने सोडलेले संप्रेरक अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवण्याचा निरोप देते. 'ड' जीवनसत्त्वाला अंतिम, कार्यक्षम रूप मूत्रपिंडात मिळते. रक्तदाबाच्या नियमनात त्याच्या रेनिनचा वाटा असतो. हे सांगितले की मूत्रपिंडाचा रुग्ण फिकट का दिसतो, त्याची हाडे का दुखतात, रक्तदाब का चढतो, या प्रश्नांची उत्तरे मुले स्वतःच देतात. गाळणीच्या उपमेतून यांतले एकही उत्तर निघत नाही.

दुसरे वाक्य : डायलिसिसचे यंत्र म्हणजे कृत्रिम मूत्रपिंड

हा शब्द अवास्तव असला तरी त्यामागचा इतिहास मुलांना सांगण्यासारखा आहे. १९४३ साली जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन या छोट्या गावी विलेम कोल्फ या डॉक्टरने लाकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून पहिले यंत्र चालवले. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई वाचली. तिची मूत्रपिंडे तात्पुरती बंद पडली होती. यंत्राने तिला मधले दिवस तगवले आणि मग तिची मूत्रपिंडे आपली आपण चालू झाली.

आपल्या पाठांत गळालेला महत्त्वाचा भेद येथे आहे. मूत्रपिंडे दोन प्रकारे निकामी होतात. घोणस चावल्यावर, अतिसाराने शरीर कोरडे पडल्यावर, ढिगाऱ्याखाली स्नायू चिरडल्यावर ती एकाएकी बंद पडतात. चिरडलेल्या स्नायूंतले मायोग्लोबिन रक्तात येऊन नेफ्रॉनच्या नलिका तुंबवते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबफेक झाली, तेव्हा १९४१ साली डॉक्टरांनी याचे सविस्तर वर्णन केले. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्या भागात आजही घराघरांत सांगितला जातो. आम्ही मात्र भूकंप भूगोलात शिकवतो, मूत्रपिंड जीवशास्त्रात शिकवतो आणि दोहोंची गाठ घालून देत नाही. अशा तीव्र आजारात वेळेवर केलेले डायलिसिस काही दिवसांचे वा आठवड्यांचे असते आणि पुष्कळ रुग्ण पूर्ण बरे होतात. "डायलिसिस लागले म्हणजे संपले" अशा समजुतीने सर्पदंशाचा रुग्ण घरी परत नेणे म्हणजे वाचू शकणारा माणूस गमावणे होय.

मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या कारणांनी वर्षानुवर्षे झिजलेली मूत्रपिंडे मात्र परत चालू होत नाहीत. अशा रुग्णाला आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास यंत्राला जोडतात. आता हिशेब करू. आठवड्याचे तास १६८, यंत्राचे १२. म्हणजे ७ टक्के वेळात सगळे काम उरकायचे. पैसा, अंतर, बुडणारी मजुरी यांमुळे दोनच फेऱ्या होत असतील तर ५ टक्केही नाही. मधल्या दिवसांत प्यालेले पाणी आणि खाल्लेले क्षार शरीरातच साठतात.

डायलिसिसमधल्या बऱ्याचशा अडचणी या एका हिशेबातून उलगडतात. दोन फेऱ्यांमध्ये वजन तीन किलोने वाढले, तर ते मुख्यतः तीन लिटर पाणी असते. त्याने पाय सुजतात, धाप लागते, हृदयावर ताण येतो. तेच पाणी चार तासांत ओढून काढताना रक्तदाब एकदम पडतो, पायांत गोळे येतात, चक्कर येते. म्हणून डॉक्टर पाणी मोजून प्यायला सांगतात. गावात मात्र प्रत्येक जण "पाणी भरपूर प्या, किडनी साफ होते" असा सल्ला देतो. निरोगी माणसाला तो ठीक असेल, पण ज्याला लघवीच होत नाही त्याला तो घातक ठरतो. भेटायला येणाऱ्याच्या हातातले शहाळेही असेच. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. एरवी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकते. ते न टाकले गेल्यास रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात, कधी थांबतातही. म्हणूनच या रुग्णांच्या भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून देतात. स्वयंपाकघरातला हा विद्राव्यतेचा प्रयोगच आहे.

यंत्राला रक्त पुरवायचे कोठून, हा दुसरा पेच. साध्या शिरेतून मिनिटाला पाव लिटरहून अधिक रक्त मिळत नाही. १९६० साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहणारी नळी बसवली आणि जुनाट रुग्णांना पुनःपुन्हा डायलिसिस देणे प्रथमच शक्य झाले. १९६६ पासून फिस्टुला आला. त्यात मनगटाजवळची धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडतात. काही आठवड्यांत शीर फुगते, जाड होते आणि बोट ठेवले की मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर लागते. थरथर थांबली तर फिस्टुलात गुठळी झाली असे समजून तातडीने रुग्णालय गाठावे लागते. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, सुई टोचू नये, जड ओझे उचलू नये. फिस्टुला तयार नसेल तर मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालतात. तिच्यातून जंतू थेट रक्तात शिरतात. थंडी वाजून ताप येणे ही त्याची खूण. काविळीचे 'बी' आणि 'सी' विषाणू पसरण्याचा धोका असतो, म्हणून लस आणि स्वच्छतेचे कडक नियम पाळावे लागतात.

पाण्याचा प्रश्न

डायलिसिसच्या यंत्रात पडद्याच्या एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने क्षारयुक्त द्रव वाहतो. हा द्रव मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर लागतो. चार तासांचे झाले १२० लिटर, आठवड्याचे ३६०, वर्षाचे सुमारे १८,७००. शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी वेगळेच. आपण आठवड्याला १५-२० लिटर पाणी पितो आणि तेही आतड्याच्या पहाऱ्यातून रक्तात जाते. येथे रक्त आणि ३६० लिटर पाणी यांच्यामध्ये केवळ एक पातळ पडदा असतो.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची रीत मुलांना माहीत असते. तुरटीत ॲल्युमिनियम असते. प्यायच्या पाण्यात त्याचा अंश राहिला तरी निरोगी शरीर तो बाहेर टाकते. पण १९७० च्या दशकात काही डायलिसिस रुग्णांची वाचा अडखळू लागली, स्मृती गेली, झटके आले, हाडे मोडू लागली. कारण निघाले पाण्यातले आणि काही औषधांतले ॲल्युमिनियम. तेव्हापासून पाण्याच्या शुद्धीकरणाचे नियम कडक झाले.

ब्राझीलमधल्या कारुआरू गावची घटना तर टँकरच्या प्रदेशात राहणाऱ्या आपण लक्षात ठेवावी अशी आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये तेथल्या एका डायलिसिस केंद्रात टँकरने आणलेले, नीट प्रक्रिया न झालेले जलाशयाचे पाणी वापरले गेले. जलाशयात नील-हरित शेवाळ वाढले होते. त्याचे विष ११६ रुग्णांना बाधले आणि ५० हून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावले. तलावावरची हिरवी साय, पाणीटंचाई, टँकर आणि रुग्णालय यांचा असा संबंध पाठ्यपुस्तकात आला, तर उत्सर्जनाचा पाठ परिसराचाही पाठ होईल.

डायलिसिसचा आणखी एक प्रकार आहे. पोटाच्या आतल्या अस्तराचाच पडदा म्हणून उपयोग करतात. नळीने पोटात दोनेक लिटर द्रव सोडायचा, काही तासांनी काढायचा, असे दिवसातून तीन-चार वेळा. हे घरी करता येते आणि द्रव निर्जंतुक पिशव्यांतून येतो. हात न धुता नळी उघडली तर पोटात जंतुसंसर्ग होतो. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला की तो ओळखायचा. शहरापासून दूर राहणाऱ्यांसाठी हा मार्ग विचारात घेण्यासारखा असूनही आपल्या पाठांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

तिसरे वाक्य : प्रत्यारोपणाने जीवदान मिळाले

हे वाक्य वर्तमानपत्राचे. रुग्णालयातून घरी जाण्याच्या दिवशी फुलांचा गुच्छ घेऊन छायाचित्र निघते आणि बातमी तेथेच संपते. खरी गोष्ट तेथून सुरू होते.

प्रत्यारोपण म्हणजे सुटा भाग बदलणे, ही कल्पना आधी काढून टाकू. जुनी मूत्रपिंडे सहसा काढतच नाहीत. नवे मूत्रपिंड खाली ओटीपोटात, एका बाजूला बसवतात आणि तेथल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. म्हणजे अशा माणसाच्या पोटात तीन मूत्रपिंडे असतात! हे ऐकून मुले चकित होतात आणि पुढचे लक्ष देऊन ऐकतात.

आता त्या मुलीचा प्रश्न. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याचे मूत्रपिंड त्याचा भाऊ रिचर्ड याला बसवले. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला. दाता रोनाल्ड पुढे गणिताचा शिक्षक झाला आणि २०१० पर्यंत जगला. रिचर्डला मूत्रपिंड टिकवण्यासाठी गोळ्या घ्याव्या लागल्या नाहीत. का? कारण ते एकरूप जुळे होते. एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याला लावून डॉक्टरांनी तशी खात्रीही करून घेतली होती. दोघांच्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा सारख्या होत्या, म्हणून रिचर्डच्या शरीराला ते मूत्रपिंड परके वाटले नाही.

बाकी सगळ्यांच्या बाबतीत ते परकेच असते. आईकडून मुलाला निम्मी जनुके मिळतात, निम्मी वडिलांकडून. त्यामुळे आईचे मूत्रपिंडही मुलाच्या शरीराला निम्मे परके असते. देवी, गोवर यांच्याशी लढणारी प्रतिकारशक्तीच त्याच्यावर चालून जाते. रक्तात आधीपासून विरोधी प्रतिद्रव्ये असतील तर हा हल्ला काही मिनिटांत होतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी दोघांचे रक्त जुळवून पाहतात. पेशींचा हल्ला दिवसांत-आठवड्यांत होतो. सावकाश झीज वर्षानुवर्षे चालते. गोळ्या हा हल्ला थोपवून धरतात, पण शरीराची ओळख त्या पुसू शकत नाहीत. म्हणून दोन वर्षांनी काय, दहा वर्षांनी काय, गोळ्या थांबल्या की हल्ला पुन्हा सुरू होऊ शकतो. आणि तो होताना बहुतेक वेळा दुखत नाही. लघवी चालू असते, माणूस हिंडत-फिरत असतो. आधी वाढते ते रक्तातले क्रिएटिनिन, जे तपासणीतच कळते. त्या मुलीच्या वडिलांना बरे वाटत होते, ते यामुळेच.

या गोळ्यांचा इतिहासही रंजक आहे. नॉर्वेतून आणलेल्या मातीच्या नमुन्यातल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. १९८३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि जगभर प्रत्यारोपणाचे चित्र पालटले. जपानमधल्या त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून १९८४ साली टॅक्रोलिमस मिळाले. ओंजळभर मातीतून निघालेल्या या औषधांवर आज लाखो मूत्रपिंडे टिकून आहेत.

पण ही औषधे दुधारी आहेत. प्रतिकारशक्ती दबली की जंतूंना रान मोकळे मिळते. आपल्या देशात क्षयरोगाचा धोका मोठा, शिवाय बुरशी आणि विषाणूंचे संसर्ग होतात. काहींना नव्याने मधुमेह होतो, रक्तदाब वाढतो, काही कर्करोगांचा संभव वाढतो. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस यांचे प्रमाण जास्त झाले तर मूत्रपिंडालाच इजा होते, कमी झाले तर शरीर त्याला नाकारते. म्हणून रक्तातली मात्रा तपासत राहावे लागते. ताप आला की गावातल्या दुकानातून गोळी घेऊन चालत नाही. काही प्रतिजैविके व क्षयाची औषधे ही मात्रा खाली-वर करतात आणि कित्येक वेदनाशामके मूत्रपिंडालाच बाधतात.

बातमीतून गळणारी दुसरी व्यक्ती म्हणजे दाता. "एका मूत्रपिंडावर माणूस सुखाने जगतो" हे बहुतांशी खरे आहे. उरलेले मूत्रपिंड थोडे मोठे होऊन कामाचा भार उचलते. पण दात्यानेही दरवर्षी रक्तदाब, लघवीतली प्रथिने आणि क्रिएटिनिन तपासून घेतले पाहिजे, हे कोणी छापत नाही. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रिया बऱ्याच जास्त आणि मूत्रपिंड मिळणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त आहेत. 'आईची माया' या मथळ्याखाली हा प्रश्न झाकला जातो. वर्गात तो मुलांनी आणि मुलींनी, दोघांनी चर्चेला घ्यावा.

भारतातले पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण १९६५ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात झाले ते मृत दात्याकडून. तो रुग्ण फार दिवस जगला नाही. जिवंत दात्याकडून यशस्वी प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोरला झाले. मूत्रपिंडांचा बाजार रोखण्यासाठी १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला. त्याने मेंदूमृत्यूला कायदेशीर मान्यता दिली. डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू ठरवायचा असतो. मृत दात्यांची संख्या वाढली तर घरातल्या आईवर आणि पत्नीवर येणारा भार हलका होईल.

आजाराच्या फोटोपलीकडे आयुष्य कसे असते हे रुग्णाच्या बाजूने सांगणारे मराठी लेखन थोडे आहे. पद्मजा फाटक यांनी स्वतःच्या अनुभवावर लिहिलेले 'हसरी किडनी' म्हणूनच शाळेच्या ग्रंथालयात असावे.

मग शिकवावे कसे?

गाळणीची उपमा पहिल्या पाच मिनिटांपुरती ठेवायला हरकत नाही. मात्र ती कोठे मोडते हे मुलांनाच शोधू द्यावे. एक सोपा प्रयोग करता येईल. पातळ पॉलिथिनच्या पिशवीत भाताची निवळ पेज भरून घट्ट बांधा. ती आयोडिनचे थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून ठेवा. काही वेळाने पिशवीतली पेज निळी-काळी होते, बाहेरचे पाणी होत नाही. आयोडिनचे लहान कण आत गेले, पिष्टाचे मोठे कण बाहेर आले नाहीत. डायलिसिसचे तत्त्व हेच. मग विचारा : ही पिशवी हवे ते परत उचलते का? तांबड्या पेशी वाढवण्याचा निरोप देते का? रात्री आपण झोपल्यावर काम करते का?

पुढच्या तासाला मुलांना हिशेब घालावा : १६८ पैकी १२ तास, १२० लिटर पाणी, निम्मी जनुके. शेवटी घरच्यांसाठी एक कागद लिहून घ्यावा. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा लघवीतली प्रथिने आणि क्रिएटिनिन तपासावे, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, घोणस चावल्यास वेळ न घालवता रुग्णालय गाठावे, प्रत्यारोपणाच्या गोळ्या एकही दिवस चुकवू नयेत आणि पैशाची अडचण आली तर गोळ्या थांबवण्याआधी डॉक्टरांना व रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना सांगावे. शासकीय योजनांची चौकशी तेथे करता येते.

त्या मुलीला मी नंतर बोलावून हे सगळे सांगितले. जुळ्या भावांपासून सुरुवात केली. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे आजीचं होतं तरी परकंच?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "हे आधी सांगायला पाहिजे होतं."

यंदा पाठाची सुरुवात मी तिच्या पहिल्या प्रश्नाने केली. तुम्ही हा पाठ कसा शिकवता, कोणत्या उपमा वापरता आणि त्या कोठे अपुऱ्या पडल्या, हे वाचक शिक्षकांनी जरूर कळवावे.